वजन कमी, ओझं किती?

गणपती असोत, कोजागिरी असो की दिवाळीचा कार्यक्रम, जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून उभं असताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही आयटीवाले ना? मग प्रवासाला न्यायला छोटासा, हलका लॅपटॉप कोणता घेऊ ते सांगा बरं." विचारणाऱ्याला एका ओळीचं उत्तर हवं असतं, तेही श्रीखंड संपायच्या आत. कंपनीचं नाव, मॉडेलचा नंबर आणि फार तर किंमत.

मंडळी, या लेखात तसं उत्तर मिळणार नाही हे आधीच सांगून टाकतो. एक तर स्मरणिका घरात वर्षभर राहते (काही घरांत दहा-दहा वर्षं राहते), आणि लॅपटॉपची मॉडेलं सहा महिन्यांत जुनी होतात. दुसरं म्हणजे मला त्या प्रश्नातल्या 'हलका' या शब्दाबद्दलच बोलायचं आहे. पुस्तकाची आपण समीक्षा करतो, नाटकाची करतो. पण ज्या वस्तूकडे दिवसाचे आठ-दहा तास बघत बसतो, तिची मात्र फक्त जाहिरात वाचतो. हा लेख म्हणजे त्या हलकेपणाची समीक्षा आहे असं समजा.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करताना माझ्या पाठीवर तीन किलोचा लॅपटॉप असायचा, आणि त्याचा विटेएवढा चार्जर वेगळा. आज दुबईत राहून सल्लागाराचं काम करताना महिन्यातले दहा-बारा दिवस रियाध, दोहा आणि मुंबईत जातात. आता पाठीवर सव्वा किलोचं यंत्र असतं. म्हणजे प्रगती झाली यात वादच नाही. प्रश्न असा आहे, की पाठ त्या हिशेबाने हलकी का झाली नाही?

आपल्या भाषेत दोन चांगले शब्द आहेत : वजन आणि ओझं. वजन काट्यावर कळतं, ओझं वाहणाऱ्याला कळतं. दहा किलोचं नातवंड आजी दिवसभर कडेवर घेऊन फिरते, तिला त्याचं काही वाटत नाही. पण "तुम्ही पुण्याला चाललाच आहात तर एवढी पिशवी आमच्या वन्संकडे द्या" म्हणून कोणी दिलेली दोन किलोची पिशवी मात्र मुक्कामाला पोचेपर्यंत ओझं होऊन बसते. माझं म्हणणं एवढंच आहे, की गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत लॅपटॉप बनवणाऱ्यांनी वजन विलक्षण कमी केलं, पण ओझ्यातला बराच भाग नाहीसा झाला नाही. तो नुसता दुसरीकडे सरकवला गेला. कधी बॅगेच्या दुसऱ्या कप्प्यात, कधी आपल्या बोटांवर आणि डोळ्यांवर, तर कधी पाच वर्षं पुढे.

या गोष्टीची सुरुवात १९८१ सालच्या ऑस्बोर्न-१ पासून करावी लागते. सोबत नेता येण्याजोगा म्हणून बाजारात यशस्वी झालेला हा पहिला कॉम्प्युटर. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा, बॅटरी नाहीच, किंमत १,७९५ डॉलर. तो काढणारे ॲडम ऑस्बोर्न यांचं बालपण तामिळनाडूत गेलं आणि २००३ साली कोडाईकॅनालला त्यांचं निधन झालं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. हे यंत्र विमानातल्या सीटखाली मावेल अशा मापाने बनवलं होतं. म्हणजे 'प्रवासाचा कॉम्प्युटर' ही कल्पना जन्मली तीच मुळी विमानाच्या सीटखाली! मात्र अकरा किलो उचलून विमानतळावर चालणाऱ्याचे हाल काय होत असतील ते त्यालाच माहीत.

दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, टीआरएस-८० मॉडेल १०० आला. वजन दीड किलोच्या आसपास. पडद्यावर चाळीस अक्षरांच्या फक्त आठ ओळी दिसत. पण कीबोर्ड पूर्ण मापाचा आणि चांगला, आणि बाजारात कुठेही मिळणाऱ्या चार पेन्सिल सेलवर तो वीस तासांच्या आसपास चालायचा. अमेरिकेतल्या पत्रकारांनी तो डोक्यावर घेतला. गावोगाव फिरायचं, बातमी टाइप करायची आणि फोनच्या तारेवरून कचेरीत धाडायची. मला हे यंत्र आजही आदर्श वाटतं, कारण ते कोणासाठी आहे हे त्याच्या कर्त्यांना पक्कं माहीत होतं. लिहिणाऱ्याला काय लागतं? चांगल्या कळा, टिकणारी वीज आणि मजकूर पोचवण्याची सोय. ते ठेवलं आणि बाकीचं काढलं. लहान यंत्राची खरी परीक्षा इथेच होते. त्यात काय आहे यापेक्षा काय गाळलं आणि कोणाच्या सोयीसाठी गाळलं हे बघायचं.

हीच कसोटी पुढच्या यंत्रांना लावू. १९९५ च्या आयबीएम थिंकपॅड ७०१ चं झाकण उघडलं की कीबोर्डाचे दोन तुकडे सरकत येऊन एकमेकांत बसायचे आणि कीबोर्ड यंत्राच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पसरायचा. बंद केला की पुन्हा आत. जॉन कॅरिडिस या अभियंत्याची ही करामत आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. यंत्र लहान करायचं, पण माणसाची बोटं लहान होत नाहीत, हे ज्याने ओळखलं त्याचं हे काम. याच्या उलट १९९६ चा तोशिबाचा लिब्रेटो. वजन ८४० ग्रॅम, पडदा सहा इंचांच्या आसपास. हातात घेतल्यावर खेळण्यासारखा गोड, पण पानभर मजकूर टाइप करायला बसलं की बोटांची गर्दी. वजन उतरलं होतं, ते बोटांवर जाऊन बसलं होतं.

यानंतरचा सर्वांत गमतीचा काळ म्हणजे २००७-०८. त्या सुमारास सगळीकडे स्वस्त लॅपटॉपची हवा होती. निकोलस निग्रोपाँटे यांचा मुलांसाठीचा 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' गाजत होता. (शंभर डॉलरमध्ये तो शेवटपर्यंत बसला नाही, पण आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत तो २००७ सालीच पोचला होता. भर उन्हात वाचता येणारा त्याचा पडदा आजच्या महागड्या लॅपटॉपनाही लाजवेल.) त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तैवानमध्ये असूसचा ई-पीसी ७०१ बाजारात आला. सात इंचांचा पडदा, चार जीबी साठवण, विंडोजऐवजी लिनक्स, आणि वजन ९२० ग्रॅम. चारशे डॉलरच्या आत मिळणारं हे यंत्र फार काही करत नव्हतं, पण आपण काय करत नाही हे लपवतही नव्हतं. ईमेल बघा, चार ओळी लिहा, घरच्यांशी बोला. पडलं, हरवलं तरी आभाळ कोसळत नाही. प्रवासाच्या दृष्टीने हा निर्धास्तपणा हाच त्याचा मोठा गुण होता.

तीनच महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. १.३६ किलो, तेरा इंचांचा उत्तम पडदा, पूर्ण मापाचा कीबोर्ड. किंमत १,७९९ डॉलर, म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वीच्या ऑस्बोर्नपेक्षा फक्त चार डॉलर जास्त. डोळ्यांना आणि बोटांना जे लागतं ते त्यांनी ठेवलं, याबद्दल त्यांना पूर्ण गुण. पण यूएसबी एकच. नेटवर्कची तार जोडायची जागा नाही. सीडी नाही. मेमरी मदरबोर्डवर सोल्डर केलेली, बॅटरी स्वतः बदलता येणार नाही अशी. त्याच वर्षी फेब्रुवारीत लेनोव्होने थिंकपॅड एक्स-३०० आणला. दीड किलोच्या आत-बाहेर वजनात त्यात तीन यूएसबी, नेटवर्कची तार आणि हवा तर डीव्हीडी ड्राइव्हही होता. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते पाकीट. तिथून पुढे हलकं म्हणजे पातळ, असं समीकरण पक्कं झालं. खरं म्हणजे वजन आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅगेत चार मिलिमीटरने कोणाचं काही बिघडत नाही.

ई-पीसीचं पुढे काय झालं? जे आपल्याकडे चांगल्या एकांकिकेचं होतं तेच. यशस्वी झाली म्हणून तिचं तीन अंकी नाटक केलं. सात इंचांचे नऊ झाले, नऊचे दहा. लिनक्स जाऊन विंडोज एक्सपी आलं, फिरणारी हार्ड डिस्क आली, आणि २००८ सालचंच १०००एच हे मॉडेल १.४५ किलोवर जाऊन बसलं. विंडोज स्वस्तात हवं तर मेमरी एक जीबीपेक्षा जास्त नको, अशा मायक्रोसॉफ्टच्या अटी. पुढे २००९ मध्ये नेटबुकांवर येऊ लागलेल्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये तर पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नव्हतं! म्हणजे वजन मोठ्या लॅपटॉपचं आणि कुवत छोट्याची. २०१० साली आयपॅड आला आणि दोन-तीन वर्षांत नेटबुक हा प्रकारच संपला. नेटबुक वाईट होतं म्हणून संपलं असं लोक म्हणतात. मला वाटतं, ते आपलं नेमकं काम विसरलं म्हणून संपलं.

गाळण्याच्या हौसेचा कळस झाला २०१५ मध्ये. ॲपलचा बारा इंची मॅकबुक : ९२० ग्रॅम, पंखा नाही, आणि सगळ्या यंत्राला मिळून यूएसबी-सीचं एकच भोक. चार्जिंगही त्यातूनच, पेनड्राइव्हही त्यातूनच आणि मीटिंगमधला प्रोजेक्टरही त्यातूनच. कळा इतक्या पातळ, की दाबल्यावर अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली जायच्या. या प्रकारच्या कळा धुळीच्या कणाने अडकत असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ मध्ये ते मॉडेल बंद झालं, जुन्या पद्धतीच्या कळा परतल्या, आणि २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या मोठ्या लॅपटॉपवर एचडीएमआय आणि कार्डाची खाच सन्मानाने परत आली. काढलेल्या गोष्टी परत ठेवाव्या लागणं म्हणजे ओझं नाहीसं झालं नव्हतं याची कबुलीच. आखातातल्या धुळीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना ती आधीच ठाऊक होती.

आता आपल्या बॅगेकडे वळू. आखातातून किंवा भारतात अंतर्गत प्रवास करणाऱ्यांना केबिन बॅगेची सात किलोंची मर्यादा पाठ असते. काउंटरवरचा काटा लॅपटॉपचं माहितीपत्रक वाचत नाही, तो बॅग तोलतो. एकदा मी घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रवासाचं सगळं सामान मांडलं. माझ्या एका सहकाऱ्याचा ९८० ग्रॅमचा लॅपटॉप, त्याचा तारेसकट ३२० ग्रॅमचा चार्जर, यूएसबी-सी फोडून चार भोकं करणारा ठोकळा, प्रोजेक्टरची जोडणी, नेटवर्कची जोडणी, बाहेरचा माउस (कारण टचपॅड त्रास देतो) आणि पॉवर बँक. सगळं मिळून दोन किलोंच्या वर! शेजारी माझा सव्वा किलोचा लॅपटॉप, एचडीएमआय आणि साधी यूएसबी असलेला, आणि फोनलाही चालणारा १३० ग्रॅमचा चार्जर. बेरीज दीड किलोच्याही आत. माहितीपत्रकात त्याचा लॅपटॉप पाव किलोहून जास्त हलका, प्रवासात माझी बॅग अर्ध्या किलोहून जास्त हलकी.

म्हणून माझा पहिला निकष असा : लॅपटॉपचं वजन विचारू नका, त्याच्या बिऱ्हाडाचं विचारा. सुदैवाने चार्जरच्या बाबतीत परिस्थिती सुधारते आहे. एकच यूएसबी-सी चार्जर फोनला, टॅबलेटला आणि लॅपटॉपला चालतो. युरोपीय संघाने तर कायदाच केला आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. आपण युरोपात नसलो तरी त्याचा फायदा आपल्यालाही होणार, कारण कंपन्या युरोपासाठी वेगळं आणि दुबईसाठी वेगळं भोक पाडत बसत नाहीत.

पॉवर बँकेवर मात्र विसंबू नका. लिथियम बॅटरीसाठी विमानात साधारण १०० वॉट-तासांची मर्यादा आहे, आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकता येत नाही. त्यात एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यावरच बंदी आणली. एक सोबत ठेवा, पण वापरू नका. तेव्हा लॅपटॉपची स्वतःची बॅटरीच कामाची. इथेही एक मेख आहे. जाहिरातीतले अठरा किंवा वीस तास पुष्कळदा मंद उजेडात सलग व्हिडिओ बघून मोजलेले असतात. आपण प्रवासात सिनेमा बघायला लॅपटॉप नेत नाही. दहा टॅब, एक मोठी एक्सेल शीट आणि मध्येच आलेला व्हिडिओ कॉल, असा आपला संसार असतो. माझ्या अनुभवात जाहिरातीतल्या तासांचे निम्मे धरले की अपेक्षाभंग होत नाही.

हलकेपणाचा आणखी एक अर्थ मार्च २०१७ मध्ये आपल्या गावाने शिकवला. अमेरिकेने दुबई, अबुधाबी, दोहा, कुवेत, रियाध धरून दहा विमानतळांवरून थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत फोनपेक्षा मोठं कुठलंही उपकरण केबिनमध्ये नेण्यावर बंदी घातली. जुलैपर्यंत ती टप्प्याटप्प्याने उठली, पण त्या तीन-चार महिन्यांत भल्याभल्यांची झोप उडाली. एमिरेट्सने विमानाच्या दाराशी लॅपटॉप गोळा करून सामानात ठेवण्याची सोय केली होती. तिथे यंत्र हातातून सोडताना लोकांचे चेहरे बघण्यासारखे असत. ज्याचं काम दुसरीकडे सुरक्षित साठवलेलं होतं आणि डिस्क सांकेतिक कुलपात होती, तो शांत होता. ज्याचं सगळं आयुष्य त्या एका यंत्रात होतं, त्याला ते एक किलोचं असलं काय नि चार किलोचं काय, सारखंच जड होतं.

आता बोटं आणि डोळे. या बाबतीत आपण मराठी माणसांनी इंग्रजी परीक्षणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण ती इंग्रजी टाइप करणाऱ्याने लिहिलेली असतात. इनस्क्रिप्ट पद्धतीने देवनागरी टाइप करून बघा. 'च', 'ट', 'ड', 'य' ही आपली रोजची अक्षरं कीबोर्डाच्या उजव्या टोकाच्या कळांवर आहेत, जिथे इंग्रजीत फक्त अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरकी रेघ असते. यंत्र अरुंद करायचं झालं की कंपन्या नेमक्या याच कळा बारीक करतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याला मात्र 'चटकन या' लिहितानाच ठेच लागते. 'ऑफिस'मधला 'ऑ' ज्या कळेवर आहे, ती तर एंटरच्या आकाराप्रमाणे वर-खाली पळते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना हा त्रास नाही, पण ज्यांना मराठीत पानंच्या पानं लिहायची आहेत त्यांनी दुकानात उभं राहून एक परिच्छेद टाइप केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

डोळ्यांचंही तसंच. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. त्यामुळे देवनागरीची ओळ रोमन ओळीपेक्षा उंच लागते. नेटबुकाच्या ६०० टिंबांच्या उंचीत ब्राउझरच्या पट्ट्या वजा जाता मराठी मजकुराच्या मोजून काही ओळी उरायच्या, आणि 'द्व' आहे की 'द्ध' हे अंदाजाने वाचावं लागायचं. पुढे बरीच वर्षं सिनेमाच्या मापाचे रुंद पडदे चालले. आता पुन्हा उंच पडदे, म्हणजे १६:१० किंवा ३:२ या मापाचे, सर्रास मिळतात. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाने तेच घ्यावेत. तेरा इंचांखाली जाऊ नये, आणि पडदा चकचकीत आरशासारखा नसला तर उत्तम. नाहीतर विमानातल्या खिडकीपाशी बसून स्वतःचाच चेहरा बघत काम करावं लागतं.

शेवटचं ओझं मात्र मला सर्वांत गंभीर वाटतं, आणि तेच दुकानात कोणाला दिसत नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांत लॅपटॉपला एक परंपरा असते. आपण वापरतो, मग तो घरातल्या कोणाकडे जातो, आणि एका उन्हाळ्यात सूटकेसमधल्या कपड्यांत गुंडाळून सांगली, नाशिक किंवा रत्नागिरीला पोचतो. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप भारतात विनाशुल्क नेता येतो, ही सवलत आपल्याइतकी कोणी वापरली नसेल. माझा २०१२ सालचा साडेबारा इंची लॅपटॉप असाच सांगलीला माझ्या वडिलांकडे आहे. त्याच्या पाठीला साधे स्क्रू आहेत. मी त्याची मेमरी चारची आठ जीबी केली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. सांगलीच्या दुरुस्तीवाल्या मुलाने दोनदा बॅटरी बदलली, आणि चहा सांडला तेव्हा कीबोर्ड बदलला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा पाठिंबा संपला तेव्हा त्यावर लिनक्स घातलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत, वय ८१. त्यावर ते आमच्या घराण्याची सात पिढ्यांची माहिती लिहून काढतात आणि संध्याकाळी आमच्याशी बोलतात.

याउलट माझ्या पुतणीला इंजिनीअरिंगला गेल्यावर तिच्या मामाने एक सुरेख, किलोभर वजनाचा लॅपटॉप दिला. तिसऱ्या वर्षी तिचा अभ्यासक्रम आठ जीबीत मावेना. तोच सांगलीचा मुलगा तोच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला आणि हात जोडून म्हणाला, "काका, यात उघडून बदलण्यासारखं काही ठेवलेलंच नाही." मेमरी सोल्डर केलेली, साठवण सोल्डर केलेली. पुढे चार्जिंगचं भोक सैल झालं तेव्हा अधिकृत केंद्राने पूर्ण बोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं, आणि खर्च सांगितला तो नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त. तीन वर्षांत एक चांगलं यंत्र कपाटात गेलं. तेरा वर्षं जुना, जाडजूड लॅपटॉप मात्र घराण्याचा इतिहास लिहितो आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न राहता कुरकुर होईल. मेमरी सोल्डर करण्यामागे केवळ लबाडी नाही. कमी वीज खाणारी आणि वेगवान मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ बसवावी लागते. त्यामुळे बॅटरी टिकते आणि यंत्र तापत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम-१ प्रोसेसरच्या मॅकबुक एअरने १.२९ किलोत, पंख्याशिवाय जे करून दाखवलं, ते कौतुकास्पदच होतं. दुबईच्या जुलैत बिनपंख्याचं यंत्र मांडीवर घेऊन बसता येणं ही लहान गोष्ट नाही. ज्याला दरवर्षी कंपनी नवं यंत्र देते, त्याने दुरुस्तीची चिंता का करावी, हेही खरं.

पण दुसरा मार्ग आहे हेही सिद्ध झालं आहे. फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये साडेतेरा इंची, १.३ किलोचा लॅपटॉप काढला. त्यात मेमरी, साठवण, बॅटरी, कीबोर्ड, इतकंच काय मदरबोर्डसुद्धा घरी बदलता येतो. कमी वीज खाणारी मेमरी सोल्डर न करता बसवण्याची नवी पद्धत वापरणारे लॅपटॉप २०२४ मध्ये बाजारात आले, जरी ते मोठ्या आकाराचे असले तरी. म्हणजे हलकं करायचं तर बंदिस्तच करावं लागतं, हे विधान आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. फरक शे-दोनशे ग्रॅमचा आहे, आणि ते शे-दोनशे ग्रॅम चार-पाच वर्षांच्या आयुष्याच्या बदल्यात आपल्याला विकले जातात.

तर मग घ्यायचं काय? माझं मत थोडक्यात सांगतो. तेरा-चौदा इंच, उंच पडदा, एक ते सव्वा किलो. त्याखालच्या प्रत्येक शंभर ग्रॅमसाठी काय द्यावं लागतंय ते विचारा. यूएसबी-सीची भोकं किमान दोन, जमलं तर दोन्ही बाजूंना एकेक, कारण हॉटेलातला प्लग नेहमी चुकीच्या बाजूला असतो. रोज लागणारी एक तरी साधी यूएसबी यंत्रातच असावी. मेमरी बदलता येत नसेल तर आज पुरेल तेवढी न घेता पाच वर्षांनी लागेल तेवढी घ्या. सोळा जीबीच्या खाली नकोच. निदान साठवण आणि बॅटरी बदलता येतात ना, हे पैसे देण्याआधी विचारा. विक्रेता गोंधळला तर तेही एक उत्तरच आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, की एका लॅपटॉपसाठी एवढा विचार? पण हिशेब करून बघा. आपल्यापैकी फिरतीवर असणाऱ्या माणसाचं घर, कचेरी, फोटोंचा अल्बम आणि आईवडिलांचा रोजचा आवाज, सगळं त्या एका पातळ डबीत असतं. ती डबी आपण किती सहज उचलतो यापेक्षा ती आपली किती वर्षं साथ करते, आणि आपल्यानंतर घरातल्या कोणाच्या हाती कामाची राहते, यावर तिची योग्यता ठरावी असं मला वाटतं. म्हणून यापुढे दुकानात गेलात की यंत्र हातात घेऊन "वा, किती हलका!" जरूर म्हणा. मग ते शांतपणे उलटं करा आणि पाठीला स्क्रू आहेत का ते बघा.